टॅपेट सेट केले, ऑईल बदललं, तरी इंजिनाची टिकटिक परत का येते?

मुंबईत दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी वापरणाऱ्यांना हे चक्र पाठ झालेलं असतं. बॉनेटखालून टिकटिक ऐकू यायला लागते. गॅरेजवाला कान लावतो आणि म्हणतो, "टॅपेट आहेत साहेब." टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणारे भाग, सेट होतात, म्हणजे त्यांच्यातली बारीक फट नेमकी केली जाते, सोबत जरा जाडसर ऑईल पडतं, गाडी काही दिवस शांत चालते आणि मग एका सकाळी सेल्फ मारला की तोच आवाज. दुसऱ्या गॅरेजात न्यावी तर तिथे थेट निकाल: "टायमिंग चेन गेली, काम काढावं लागेल."

आवाज परत येतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. तो नक्की कुठून आणि कधी येतो हे कोणी ठरवलेलंच नसतं. जाड ऑईलखाली तो फक्त दाबलेला असतो. म्हणून गाडी खोलायच्या आधी काय काय तपासता येतं ते इथे लिहितो. यातलं बरंचसं सोसायटीच्या आवारात, कव्हर न उघडता होतं.

गाडीत चेन आहे का, हे आधी बघा

व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) टायमिंग चेनने किंवा टायमिंग बेल्टने फिरवतो. हास्यास्पद वाटेल, पण बेल्टच्या गाडीला "चेनचा आवाज" असल्याचं निदान झालेलं मी ऐकलंय. मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, जुनी सँट्रो या सगळ्या टायमिंग बेल्टच्या गाड्या. २.५ लिटर डिझेलची जुनी इनोव्हासुद्धा बेल्टचीच. होंडा सिटीची पहिली पिढी बेल्टची, २००३ नंतरची चेनची. मारुतीची के-सिरीज इंजिनं, ह्युंदाईचं १.२ कप्पा आणि स्विफ्ट-डिझायर-व्हिस्टामधलं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल ही चेनची. बेल्टच्या गाडीत त्या बाजूने आवाज आला तर तो बहुधा बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बेअरिंगचा किंवा वॉटर पंपाचा असतो, आणि तो खडखडत नाही, घरघरतो.

ज्यांचं बालपण काळ्या-पिवळ्या पद्मिनीत गेलं त्यांचे कान अजून जुन्या हिशेबाने चालतात. त्या इंजिनात चेनही होती आणि पुशरॉडवाले टॅपेटही, आणि टॅपेटचा बारीक आवाज तेव्हा कोणी मनावर घेत नसे. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण तो कान अजून शाबूत आहे आणि एका बाबतीत तो बरोबरही आहे. त्याकडे पुढे येतो.

आवाज किती मोठा हे सोडा, तो कधी येतो ते लिहून ठेवा

चार प्रश्न. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर येतो की इंजिन गरम झाल्यावर? सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत जातो की पाच-दहा मिनिटांनी? पुलावर चढताना, म्हणजे इंजिनावर जोर आल्यावर, वाढतो का? गाडी सीएनजीची असेल तर पेट्रोलवर टाकल्यावर बदलतो का? या चार उत्तरांत अर्धं निदान होतं. शहाणा मेकॅनिक स्वतःहून हेच विचारतो. जो न विचारता पान्हा उचलतो त्याच्याकडून गाडी परत आणलेली बरी.

आता लय. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. गाडी उभी असताना इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला साधारण सहा-सात ठोके. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला वाजणारा आवाज सेकंदाला तेरा-चौदा ठोके देतो. कानाला हे मोजता येत नाही, पण फोनवर रेकॉर्ड करून वेग कमी केला की येतं. ठोके सहा-सातच्या आसपास असतील तर आवाज वरच्या मजल्यावरचा: एखादा टॅपेट, एका सिलिंडरचा एक्झॉस्ट लीक किंवा एका प्लगची गडबड. दुप्पट असतील आणि आवाज खालून, जडसर, ठणठण असा येत असेल तर तो क्रँकच्या बाजूचा असू शकतो. ती वेगळी आणि महाग गोष्ट. तिथे गाडी चालवून बघायच्या फंदात पडू नका, टो करून न्या.

जागा शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनाच्या एका भागावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. हेड कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण), इंजेक्टर, फॅन बेल्टच्या बाजूचं चेन कव्हर, अल्टरनेटर असं एकेक ऐकत जा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. आणि हे सगळं मोकळ्या जागी करा, बेसमेंट पार्किंगमध्ये नाही. तिथे धूर साचतो आणि आवाजही भिंतींवरून परत येऊन फसवतो.

टॅपेटचं सोंग घेणारे आवाज

मुंबईत सीएनजीच्या गाड्या इतक्या आहेत की सुरुवात तिथूनच करायला हवी. सिक्वेन्शियल किटचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणाऱ्या किटचे, गॅस इंजेक्टर पेट्रोलच्या इंजेक्टरपेक्षा बरेच मोठ्याने वाजतात, कारण त्यांना जास्त आकारमानाचा वायू सोडायचा असतो. हे इंजेक्टर ज्या पट्टीवर असतात ती रेल कडक ब्रॅकेटने थेट हेडजवळ किंवा बॉडीला बसवलेली असली की टकटक केबिनपर्यंत येते. स्विच दाबून पेट्रोलवर या. आवाज गेला, तर इंजिनाला हात लावायचं काही कारण नाही. ब्रॅकेटला रबर आहे का एवढं बघा. कित्येकांचे टॅपेट या एका आवाजापायी दोन-दोनदा सेट झालेत.

दुसरा सोंगाड्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या जोडाचा, लीक. पॅकिंग जळालेलं असतं किंवा एखादा स्टड तुटलेला असतो. थंड इंजिनावर टिकटिक जोरात, धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज कमी. हीच लक्षणं लोक टॅपेटचीही सांगतात, म्हणून घोळ होतो. फरक जोरावर कळतो. पुलाच्या चढावर अॅक्सिलरेटर दाबला की लीकचा आवाज लगेच वाढतो. टॅपेटला चढाशी फारसं देणंघेणं नसतं. मॅनिफोल्डच्या जोडावर काळी काजळी दिसते का तेही बघा. सकाळी थंड इंजिन सुरू करून एकाने सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडक्याचा बोळा दोन-तीन सेकंद धरला तर लीकच्या जागी फुसफुस स्पष्ट ऐकू येते.

तिसरा पावसाळी. प्लगच्या वायरीला किंवा कॉइलच्या रबरी बुटाला चीर गेली की ठिणगी प्लगमध्ये न पडता हेडवर उडी मारते आणि चक्क टिक-टिक वाजते. जुलैच्या दमट हवेत ही तक्रार वाढते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे त्या गाड्यांत आणखी. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडा. जुन्या वायरींच्या गाडीत निळसर ठिणग्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हात लावू नका. गाडी थोडी मिसिंग करत, म्हणजे मधूनच झटके देत, असेल तर हा संशय पक्का धरा.

बाकी पेट्रोलचे इंजेक्टर वाजतात, ते वाजू द्यावेत. पेट्रोल टाकीची वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्हही वाजतो. बोट ठेवलं की ठोका हाताला लागतो. प्लग सैल असेल तर टिकटिकीबरोबर फुसफुस येते. फॅन बेल्टवरच्या एखाद्या पुलीचा संशय असेल तर बेल्ट काढून थंड इंजिन अर्धा मिनिट चालवून बघता येतं. त्याहून जास्त नको, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो.

खरोखर टॅपेटच असतील तर

मुख्यतः दोन जाती आहेत आणि दोन्हींचा उपाय वेगळा. स्क्रू आणि नटाचे टॅपेट फिलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) सेट होतात. इंजिन पूर्ण थंड हवं. सकाळी ठाण्याहून दादरला चालवत आणलेली गाडी तासाभरात थंड होत नाही, आणि बहुतेक इंजिनांचे आकडे थंड इंजिनाचेच दिलेले असतात. बऱ्याच लहान पेट्रोल इंजिनांत इनटेकला ०.१५ ते ०.२० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला त्याहून थोडी जास्त फट असते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. कोमट इंजिनावर अंदाजे सेट केलेले टॅपेट हे टिकटिक परत येण्याचं सगळ्यात स्वस्तातलं कारण आहे.

दुसरी जात हायड्रॉलिक. यात सेट करण्यासारखं काही नसतंच, ऑईलचा दाब फट आपोआप भरून काढतो. मल्टिजेट डिझेलमध्ये हीच आहे. अशा गाडीच्या बिलावर "टॅपेट सेटिंग" लिहिलेलं दिसलं तर नक्की काय सेट केलं हे जरूर विचारा. रात्रभर उभी राहिल्यावर यातलं ऑईल थोडं उतरतं, त्यामुळे सकाळी काही सेकंद वाजणं स्वाभाविक. ऑईल बदलल्यावर आत हवा राहिली असेल तर गरम इंजिन २०००-२५०० आरपीएमवर काही मिनिटं धरलं की बहुधा शांत होतं. तरीही एकच टॅपेट एकसारखा वाजत राहिला तर तो कचऱ्याने अडकलाय किंवा झिजलाय. पण तो बदलायच्या आधी ऑईलचा दाब मोजा.

आता त्या जुन्या कानाची गोष्ट. स्क्रूवाल्या किंवा बकेटवाल्या (जिथे स्क्रूऐवजी वेगळ्या जाडीचे तुकडे टाकून फट ठरते), म्हणजे हायड्रॉलिक नसलेल्या इंजिनात थोडी सैल फट वाजते, पण नुकसान सावकाश करते. घट्ट फट वाजत नाही आणि व्हॉल्व्ह जाळते. सीएनजीवर हा धोका जास्त, कारण गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि एक्झॉस्टची फट हळूहळू कमी होत जाते. म्हणजे आधी बारीक टिकटिकणारी सीएनजी गाडी काही न करता आपोआप शांत झाली, तर खूश होऊ नका. सकाळी सेल्फ लांबतोय, पिकअप पडलाय, उभ्या गाडीत एक सिलिंडर मिसिंग करतोय असं काही सोबत असेल तर लगेच फट मोजून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या गाडीचा "आवाज बंद झाला" म्हणून पेढे वाटायचे बाकी होते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं तर एका सिलिंडरने मान टाकलेली.

ऑईल: किलोमीटर मोजू नका, तास मोजा

सर्व्हिस बुकात दहा हजार किलोमीटर लिहिलंय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी छोटा हिशेब. हायवेवर सरासरी ५० किलोमीटर वेगाने दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे २०० तास. तेच अंतर सायन, कुर्ला, जेव्हीएलआर, अंधेरी करत सरासरी १५ च्या वेगाने कापलं तर ६६० हून जास्त तास. मीटरवर आकडा एकच, पण चेन, टेन्शनर आणि ऑईल यांनी तिप्पट काम केलेलं असतं, तेही बहुतेक वेळ गरम इंजिन आणि कमी आरपीएम अशा अवस्थेत, जेव्हा ऑईलचा दाब सगळ्यात कमी असतो. शहरातल्या जुन्या गाडीचं ऑईल पाच हजारांवर बदलणं हा माझ्या मते खर्च नाहीच.

डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी बघा. जुनं इंजिन ऑईल खातं, पातळी उतरते, आणि चेनचा टेन्शनर याच ऑईलच्या दाबावर उभा असतो. मल्टिजेटसारख्या कमी ऑईलच्या डिझेलमध्ये तर पातळी उतरलेली ठेवून चालवणं म्हणजे चेनला मुद्दाम मारणं. लाल दिव्यावर विसंबू नका. तो साधारण ०.२ ते ०.५ बारच्या खालीच पेटतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. दाबाचा संशय असेल तर ऑईल स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायला सांगा. ढोबळ हिशेब दर १००० आरपीएमला १० पीएसआय. गरम इंजिनावर उभ्या गाडीत काटा त्याच्या बराच खाली असेल तर टॅपेट आणि चेन दोन्ही निर्दोष असू शकतात. पंप, गाळणी किंवा बेअरिंगं बघावी लागतील.

२०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल ओतून आवाज दाबण्याचा सल्ला सर्रास मिळतो. ज्या इंजिनाला कंपनीने पातळ ५डब्ल्यू-३० सांगितलंय तिथे जाड ऑईल सकाळी टेन्शनरपर्यंत पोचायला वेळ घेतं, म्हणजे ज्या दोन सेकंदांत चेन सर्वात जास्त झिजते तेच लांबवतं. व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ ऑईलच्या दाबावर बदलणारी यंत्रणा) असेल तर तेही सुस्तावतं. आणि फिल्टर! चांगल्या फिल्टरमध्ये ऑईल परत खाली उतरू न देणारा रबरी पडदा असतो. डुप्लिकेट फिल्टरमध्ये तो कडक झालेला असतो किंवा बसतच नाही, रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी खडखड. चेनचं काम काढण्याआधी खात्रीचा फिल्टर आणि बरोबर ग्रेडचं ऑईल टाकून आठवडाभर सकाळचा आवाज ऐका. इंजिन फ्लशची बाटली मात्र मी जुन्या, आत काळा चिखल धरलेल्या इंजिनात टाकू देत नाही. सुटलेला चिखल गाळणीत जाऊन बसतो. त्यापेक्षा हजार-दोन हजार किलोमीटरवर ऑईल लवकर बदला, दोनदा.

चेन

चेन ताणली जाते असं म्हणतात, पण लोखंड रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक कडीची पिन आणि बुश कणभर झिजते आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन लांब होते. साधारण एक मीटरच्या चेनमध्ये अर्धा टक्का म्हणजे ५ मिलिमीटर. टेन्शनर तेवढा पुढे सरकून ढिलाई घेतो. त्याचा दांडा संपला की चेन गाईडवर (तिला वाट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर) आणि कव्हरवर आपटायला लागते. खराब ऑईलमधली काजळी ही झीज वाढवते.

तिचा आवाज टिकटिक नसतो. सकाळी पहिल्या सेल्फला एक ते तीन सेकंद खर्रर्र, फॅन बेल्टच्या बाजूने, मग शांतता. हा पहिला टप्पा, आणि याच टप्प्यावर फिल्टर-ऑईलची परीक्षा घ्यायची. पुढच्या टप्प्यात गरम इंजिन २००० पर्यंत रेस करून सोडलं की आरपीएम उतरताना खडखड येते. शेवटच्या टप्प्यात उभ्या गाडीतही. तिथून पुढे दात सुटण्याची भीती. कॅम स्प्रॉकेटला (चेन बसते त्या दातेरी चाकाला) ३६ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे २० अंश, आणि आजच्या बहुतेक चेनच्या इंजिनांत टायमिंग फार चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

सकाळची एक युक्ती: बऱ्याच इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की पेट्रोल बंद होतं आणि इंजिन सुरू न होता नुसतं फिरतं. पाच-सहा सेकंद तसं फिरवा, मग पाय काढून नेहमीसारखी सुरू करा. खडखड गायब, तर ऑईल उशिरा पोचतंय. फिल्टर किंवा टेन्शनरकडे बघा. तरीही आली, तर चेन किंवा गाईडची झीज जास्त संभवते.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी००१६ किंवा पी००१७ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. पी००११ एकटाच आला तर मात्र व्हीव्हीटीचा ऑईल व्हॉल्व्ह आधी बघा; त्याची जाळी चिखलाने भरली तरी हाच कोड येतो. कोड नाही म्हणून चेन बरी असं समजू नका, बरीच झीज होईपर्यंत गाडीचा कॉम्प्युटर (इसीएम) सांभाळून घेतो. जुन्या पेट्रोल गाडीत इनटेकमधली पोकळी मोजणारं व्हॅक्यूम गेज उत्तम काम करतं, आणि आपण समुद्रसपाटीला असल्यामुळे पुस्तकी आकडे जसेच्या तसे लागू पडतात. उभ्या गाडीत पाऱ्याचे १७ ते २१ इंच बरोबर. काटा स्थिर, पण बराच खाली असेल तर व्हॉल्व्ह टायमिंग मागे पडल्याचा संशय घ्या.

ऑईल बदलताना जुना फिल्टर कापायला सांगा. त्यात तपकिरी किंवा काळ्या प्लास्टिकचे तुकडे निघाले तर ते गाईडचे. मग आणखी परीक्षा नकोत.

डिझेलवाल्यांची अडचण अशी की इंजिनाच्या स्वतःच्या कडकडाटात चेन लपते. तिथे कानापेक्षा स्क्रू ड्रायव्हर, फिल्टर आणि स्कॅनर यांच्यावर भिस्त ठेवा.

काम काढायचंच ठरलं तर

नुसती चेन बदलू नका. टेन्शनर, दोन्ही गाईड आणि झिजले असतील तर स्प्रॉकेट, असा पूर्ण संच टाका. जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते, आणि जुना टेन्शनर ठेवला तर आवाज पुन्हा हजर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने-नवे पार्ट मिळतात, पण चेन आणि टेन्शनर वापरलेले कधीच घेऊ नका. दिसायला चकचकीत असले तरी झीज पिनांच्या आत असते. काही इंजिनांत टेन्शनर बाहेरून काढता येतो. तो काढलेला असताना इंजिन हाताने फिरवू नका, चेन दात सोडते. जुळवाजुळव झाली की क्रँक पान्ह्याने सरळ दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

आणि जुने भाग घरी घेऊन या. जुनी चेन नव्या चेनशेजारी लटकवून लांबी बघा, गाईडवर चेनने किती खोल चर पाडलेत ते बघा, टेन्शनर इंजिनात असताना त्याचा दांडा किती बाहेर आला होता ते विचारा. दांडा जेमतेम निम्मा बाहेर, गाईड गुळगुळीत आणि दोन्ही चेन सारख्याच लांबीच्या निघाल्या, तर आवाज चेनचा नव्हता. येत्या आठवड्यात तो परत येईल, तेव्हा मॅनिफोल्डपासून सुरू करा.